आईचा अमायलॉइड स्कॅन करावा का? आणि माझा?

पत्र: माझी आई ७२ वर्षांची आहे. दीडेक वर्षापासून ती नुकतंच झालेलं बोलणं विसरते. अर्ध्या तासात तोच प्रश्न तीनदा विचारते. शब्दकोडं मात्र अजूनही माझ्याआधी सोडवते. स्वतःचं सगळं स्वतः करते, फक्त हिशेबात हल्ली चुका होतात. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेऊन ‘एमसीआय’ म्हणजे डिमेन्शियाच्या अलीकडची पायरी असं सांगितलं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार बदल’ एवढंच लिहिलंय. जिवंत माणसाच्या मेंदूतला अल्झायमर दाखवणारा स्कॅन आता निघालाय असं माझ्या भावाने वाचलं. तो म्हणतो, करून टाकू, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. आई म्हणते, मला काहीही झालेलं नाही. मला त्या किरणोत्सारी औषधाची भीती वाटते आणि त्याहून जास्त रिपोर्टची. माझं वय ४७. माझाही स्कॅन करून घ्यावा असं सारखं मनात येतं. शिवाय डोळ्यात बघून किंवा चमकणारं द्रव्य सोडून अल्झायमर ओळखतात अशा बातम्या येतात, त्या खऱ्या का? – द्विधा

उत्तर:

नमस्कार. आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुमचा स्कॅन नको. आईचा कदाचित हवा, पण लगेच नको आणि सोक्षमोक्ष लावायला तर मुळीच नको. हा स्कॅन एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतो आणि ते चोख देतो. तुम्हाला पडलेले बाकीचे प्रश्न त्याच्या हद्दीबाहेरचे आहेत. तेव्हा तो एक प्रश्न कोणता, हे आधी नीट समजून घेऊ.

भावाने वाचलं ते खरं आहे. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या रुग्णाच्या मेंदूतले डाग आणि गुंते दाखवले, तेव्हा ती बाई हयात नव्हती. मेंदूचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर ते दिसले. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हेच चाललं होतं. पेशंट जिवंत असेपर्यंत डॉक्टर ‘बहुधा अल्झायमर’ म्हणायचे आणि खात्री व्हायची ती शवविच्छेदनात. डाग म्हणजे बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे चेतापेशींच्या बाहेर साचलेले थर. त्यांना प्लाक म्हणतात. गुंते म्हणजे टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे, पेशींच्या आत पीळ पडलेले धागे. अल्झायमर म्हणायला दोन्ही लागतात, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मेंदूचे काप रंगवायला काँगो रेड, थायोफ्लेविन असे रंग वापरतात. ते प्लाकला घट्ट चिकटतात. मग तोच रंग जिवंत माणसाच्या शिरेतून का देऊ नये? कारण तो मेंदूत शिरतच नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची एक चिवट भिंत असते. मोठे रेणू आणि विद्युतभार असलेले रेणू ती सहसा आत घेत नाही, आणि थायोफ्लेविन-टी वर धनभार असतो. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी कित्येक वर्षं एकामागून एक रेणू तयार करून पाहिले. शेवटी थायोफ्लेविनचं, भार काढून टाकलेलं एक रूप त्यांच्या हाती लागलं. ते मेंदूत पटकन शिरतं, प्लाकला चिकटतं, आणि जिथे चिकटायला काही नाही तिथून तितक्याच पटकन निघून जातं. हा शेवटचा गुण सहसा कुणी सांगत नाही, पण सगळं त्याच्यावर आहे. मेंदूभर रेंगाळणाऱ्या रेणूचं चित्र काढून काय दिसणार? त्या रेणूला कार्बन-११ हा किरणोत्सारी अणू जोडला की तो कुठे बसलाय हे पेट कॅमेऱ्याला, म्हणजे शरीरातून येणारी किरणं पकडणाऱ्या यंत्राला, बाहेरून टिपता येतं. २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे हा ट्रेसर, म्हणजे माग काढता येणारा किरणोत्सारी रेणू, पहिल्यांदा माणसाला दिला गेला आणि २००४ मध्ये १६ रुग्ण व ९ निरोगी व्यक्तींवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याचं नाव पिट्सबर्ग कंपाउंड-बी, बोलताना नुसतं ‘पिब’.

कार्बन-११ ची पंचाईत ही की तो दर २० मिनिटांनी निम्मा होतो. ज्या आवारात सायक्लोट्रॉन, म्हणजे असे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र, आहे तिथेच हा स्कॅन होऊ शकतो. म्हणून पुढचे ट्रेसर फ्लोरिन-१८ वर बेतले. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे एका ठिकाणी बनवून दुसऱ्या हॉस्पिटलात पोचवण्याइतकी सवड मिळते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१२ मध्ये फ्लोरबेटापिरला, २०१३ मध्ये फ्लुटेमेटामॉलला आणि २०१४ मध्ये फ्लोरबेटाबेनला मान्यता दिली. आईला स्कॅन सुचवलाच तर बहुधा यांतलाच एक असेल. तिघांत डावं-उजवं करत बसू नका, जो मिळेल तो घ्या.

यांच्यावर विश्वास का ठेवायचा, असं भावाने विचारायला हवं होतं. फ्लोरबेटापिरच्या एका अभ्यासात आयुष्याच्या अखेरीकडे आलेल्या लोकांनी स्कॅन करून घेतला आणि आपल्यामागे मेंदू तपासायला परवानगी दिली. अशा ५९ जणांचे स्कॅन आणि त्यांच्या मेंदूचे काप ताडून पाहिले. ज्या ३९ जणांत प्लाक खरोखर बऱ्यापैकी होते, त्यांतले ३६ स्कॅनने ओळखले. ज्या २० जणांत तसे नव्हते, त्यांतल्या एकालाही उगाच पॉझिटिव्ह ठरवलं नाही. वैद्यकातल्या फार थोड्या चाचण्या इतक्या थेट तावूनसुलाखून निघालेल्या असतात.

आता इथून पुढचं भावाला मोठ्याने वाचून दाखवा.

स्कॅन पॉझिटिव्ह म्हणजे मेंदूत अमायलॉइड साचलंय. एवढंच. पंचनाम्यात वस्तू सापडल्याची नोंद होते, गुन्हा कुणी केला ते लिहिलेलं नसतं. या रिपोर्टचंही तसंच आहे. ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे अशा लोकांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला. पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के लोकांत अमायलॉइड होतं. ही माणसं आपापलं आयुष्य व्यवस्थित जगत होती. एमसीआय असलेल्यांत तेच प्रमाण पन्नाशीत २७ टक्के आणि नव्वदीत ७१ टक्के निघालं. या दुसऱ्या आकड्याकडे उलटूनही बघा: विसरायला लागलेल्या पुष्कळ जणांत अमायलॉइड नसतंच, त्यांच्या विसरण्यामागे दुसरं काहीतरी असतं. शिवाय लेवी बॉडी डिमेन्शिया या वेगळ्या प्रकारच्या डिमेन्शियात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड साचणाऱ्या आजारातही हा स्कॅन पॉझिटिव्ह येऊ शकतो.

पॉझिटिव्ह असेल तर ‘किती’ पॉझिटिव्ह, असं प्रत्येक कुटुंब विचारतं. काही रिपोर्टमध्ये सेंटिलॉइड नावाचा आकडा येतो. तरुण निरोगी माणसांची सरासरी ० आणि अल्झायमरच्या नेहमीच्या रुग्णांची सरासरी १०० धरून तो काढतात. वेगवेगळ्या ट्रेसरची, वेगवेगळ्या केंद्रांची तुलना करायला तो बरा. आजार किती बळावलाय हे मात्र त्यावरून ठरवू नका. अमायलॉइड साचायला लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरुवात झालेली असते आणि विसरणं डोळ्यांवर येईपर्यंत त्याची वाढ मंदावत आलेली असते. एखाद्याचा आकडा ९० आणि दुसऱ्याचा ६० म्हणून पहिल्याचा आजार दीडपट, असा हिशेब होत नाही.

लक्षणांशी जास्त मेळ टाऊचा बसतो. टाऊचे गुंते आधी स्मृतीच्या दारातल्या भागात, कानामागच्या पट्ट्यात खोलवर, दिसतात आणि मग बाहेरच्या थरांत पसरत जातात. ते जिथे पोचतात तिथलं काम बिघडतं. टाऊसाठी फ्लोरटाउसिपिर हा ट्रेसर २०२० मध्ये मान्य झाला. पण तो पुढच्या टप्प्यावरचे, दूरवर पसरलेले गुंते चांगले दाखवतो आणि सुरुवातीचे बरेचदा निसटतात. शिवाय मेंदूच्या मधल्या काही गाठींत तो टाऊ नसतानाही बसतो, हे वाचणाऱ्याला माहीत असावं लागतं. तुमच्या आईच्या टप्प्यावर मी तो मागणार नाही.

आणखी एक घोळ आत्ताच टाळा. नुसतं ‘पेट स्कॅन’ म्हणू नका. बहुतेक ठिकाणी पेट म्हटलं की एफडीजी पेट होतो, तोच जो कॅन्सरसाठी करतात. मेंदूच्या कोणत्या भागात साखर कमी वापरली जातेय हे तो दाखवतो. त्याचीही जागा आहे, विशेषतः वागणं आणि बोलणं आधी बिघडतं त्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची शंका असेल तेव्हा. त्याला काही तास उपाशी राहावं लागतं, मधुमेह असेल तर साखर सांभाळावी लागते. अमायलॉइडच्या स्कॅनला उपास लागत नाही. चिठ्ठीवर ट्रेसरचं नाव लिहिलेलं आहे ना, एवढं बघून घ्या. ‘पेट’ करून आणला आणि तो भलताच निघाला, हे ऐकण्याची वेळ माझ्यावर बऱ्याचदा येते.

रिपोर्ट वाचतात कसा, हे सांगितलं तर तुमची धास्ती थोडी कमी होईल असं वाटतं. हे ट्रेसर मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात प्रत्येकाच्याच बसतात, प्लाक असोत-नसोत. त्यामुळे निगेटिव्ह स्कॅनमध्ये आतला पांढरा भाग गडद आणि त्याभोवतीचा करडा थर फिका दिसतो. दोघांमधली किनार स्पष्ट असते, फांद्या फुटल्यासारखी. प्लाक असले की करडा थरही गडद होतो, किनार पुसली जाते आणि गडदपणा कवटीच्या कडेपर्यंत जातो. वाचणारा डॉक्टर लहान मेंदूपासून सुरुवात करतो, कारण तिथे प्लाक सहसा नसतात आणि किनार कशी दिसायला हवी ते कळतं. तिथून वर एकेक भाग बघत जातो. फ्लोरबेटापिरचा स्कॅन तर काळ्या-पांढऱ्यातच वाचायचा असतो. इंटरनेटवर लाल-निळे पेटलेले मेंदू दिसतात ते रंग संगणकाने भरलेले असतात. आईच्या चित्रात लाल दिसलं म्हणून घाबरू नका आणि निळं दिसलं म्हणून निःश्वास सोडू नका. खालचा निष्कर्ष वाचा. वय झालेल्या मेंदूत करडा थर पातळ होतो, मग निकाल काठावर येऊ शकतो. अशा वेळी एमआरआय शेजारी ठेवून वाचलाय का, हे जरूर विचारा.

आता तुमच्या आईबद्दल. शब्दकोडं सुटतं म्हणून काही नाही, अशी समजूत घालून घेऊ नका. शब्दकोड्याला लागतो तो पन्नास वर्षांचा साठा, आणि तो उशिरापर्यंत टिकतो. अर्ध्या तासापूर्वीचं बोलणं नव्याने साठवावं लागतं. तिथेच ती अडतेय. पण अडण्याची कारणं पुष्कळ असतात आणि त्यांतली बरीच स्कॅनच्या आधी साध्या तपासण्यांत सापडतात. थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का? पत्रात उल्लेख नाही. औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांनी पाहिलीय का? लघवीच्या तक्रारीवरची काही औषधं, ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या स्मृतीवर पाणी फिरवतात, आणि त्या घरात इतक्या रुळलेल्या असतात की कुणी त्यांना औषध म्हणून मोजतच नाही. उदासी आहे का? रात्री घोरता घोरता श्वास अडतो का? आणि कानांची तपासणी. ऐकूच आलं नाही ते लक्षात काय राहणार? ऐकू कमी येणं हे पुढे डिमेन्शिया होण्याच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक मानलं जातं, तरी कानाचं मशीन सुचवलं की लोकांना कमीपणा वाटतो आणि महागडा स्कॅन सुचवला की काळजी घेतल्यासारखं वाटतं. मला हे कधी पटलेलं नाही.

एमआरआयचा ‘वयोमानानुसार बदल’ हा शेराही मला अपुरा वाटतो. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवीन आठवणी साठवणारा भाग, वयाच्या मानाने आकसलाय का? बारीक रक्तवाहिन्यांचे किंवा जुन्या सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके आहेत का? हे दोन प्रश्न त्याच फिल्म्स दाखवून विचारता येतात, नवा एमआरआय लागत नाही.

एवढं सगळं होऊन उत्तर मिळालं नाही, तर अमायलॉइड स्कॅनला अर्थ आहे. एमसीआय आहे, कारण कळत नाही, आणि उत्तरावर पुढचं काही ठरणार आहे, अशी स्थिती असेल तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांचे निकषही तो करायला हरकत नाही म्हणतात. ११ हजारांहून जास्त लोकांवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, एमसीआय असलेल्या सुमारे ६० टक्के लोकांची उपचारयोजना स्कॅननंतर बदलली. आधी अल्झायमर समजून नंतर ते निदान मागे घ्यावं लागलं, असे त्या अभ्यासात साधारण चारात एक होते. डॉक्टर हुशार असूनही असं होतं. बॅपिन्युझुमॅब नावाच्या, अमायलॉइडवरच्या औषधाच्या चाचणीत अल्झायमर म्हणून घेतलेल्या काही रुग्णांचे स्कॅन काढले. एपीओई-४ हे अल्झायमरचा धोका वाढवणारं जनुकरूप नसलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांत पुरेसं अमायलॉइडच नव्हतं. नसलेल्या गोष्टीवर औषध चालू होतं! त्या अनुभवानंतर अशा चाचण्यांत स्कॅन किंवा त्याच्या तोडीचा पुरावा मागायची पद्धत पडली.

निगेटिव्ह आला तर तो फार मोलाचा. आईच्या विसरण्याला अल्झायमर जबाबदार असण्याची शक्यता मग फार कमी उरते आणि डॉक्टर दुसरीकडे शोधायला मोकळे होतात. पॉझिटिव्ह आला तर? अमायलॉइड काढून टाकणारी दोन औषधं, लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब, अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्णपणे मान्य झाली, आणि ती सुरू करायला मेंदूत अमायलॉइड असल्याचा पुरावा लागतो. पण अपेक्षा आवरून ठेवा. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत १८ महिन्यांनी औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा २७ टक्के कमी होती. ऐकायला बरं वाटतं. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५ गुणाचा होता. गेलेलं परत येत नाही. साधारण आठातल्या एकाच्या मेंदूत सूज दिसली, काहींना बारीक रक्तस्राव झाले. त्यामुळे वारंवार एमआरआय करावे लागतात. एपीओई-४ च्या दोन प्रती असलेल्यांना धोका जास्त, म्हणून ती जनुकचाचणी आधी करतात. आईसारख्या, लवकर लक्षात आलेल्या व्यक्तीसाठीच ही औषधं आहेत. तरीही सगळं ऐकून ‘नको’ म्हणणारे लोक मला अविचारी वाटत नाहीत. तुमच्याकडे ती मिळतात का आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर चालतात का, हे न्यूरोलॉजिस्टना स्कॅनच्या आधी विचारा, नंतर नको.

स्कॅनला आता एक स्पर्धक आलाय. रक्तातलं पी-टाऊ२१७, म्हणजे टाऊ प्रथिनाचं एक रूप, मोजून मेंदूत अमायलॉइड आहे का याचा चांगला अंदाज येतो. अशा एका रक्तचाचणीला एफडीएने मे २०२५ मध्ये परवानगी दिली, ५५ वर्षांवरच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी. निकाल स्पष्ट हो किंवा स्पष्ट नाही आला, तर पुष्कळांचा स्कॅन वाचू शकतो. मधेच अडकला तर स्कॅन किंवा पाठीतलं पाणी काढून तपासणं आहेच. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर हा आकडा उगाच चढतो, ते डॉक्टरांना आधी सांगा. मी तुमच्या जागी असते तर स्कॅनआधी याची चौकशी केली असती.

तुमचा स्वतःचा स्कॅन का नको? तुम्हाला लक्षणं नाहीत. आईला आजार असण्याची शंका किंवा जनुकाची भीती एवढ्यावर स्कॅन करू नये, यावर निकष ठाम आहेत. निगेटिव्ह आला तरी तो आजचा. साठीत काय होईल याची हमी तो देत नाही. पॉझिटिव्ह आला तर लक्षणं नसताना द्यायचं औषध हातात नाही. लक्षणं नसलेल्या पण अमायलॉइड असलेल्या ११०० हून जास्त ज्येष्ठांना सोलॅनेझुमॅब हे अमायलॉइडवरचं औषध किंवा नुसतं सलाइनसारखं द्रव्य साडेचार वर्षं देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. दुसऱ्या औषधांवर असे अभ्यास चालू आहेत, ते संपू द्या. तोवर तो रिपोर्ट तुमच्या फायलीत राहील, विम्याच्या अर्जात विचारला जाऊ शकतो, आणि किल्ली कुठे ठेवली हे विसरलात की दर वेळी तुम्हाला तोच आठवेल. एकच अपवाद: घराण्यात दोन-तीन पिढ्यांत साठीच्या आतच डिमेन्शिया झाला असेल तर जनुकतज्ज्ञांना भेटा. तो मार्ग वेगळा आहे आणि त्याचीही सुरुवात स्कॅनने होत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, कान, व्यायाम यांवर ४७ व्या वर्षी घातलेला वेळ तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

बातम्यांतलं चमकणारं द्रव्य खरं असतं, पण बहुतेक वेळा उंदरात. डोळ्यांना न दिसणाऱ्या ‘निअर-इन्फ्रारेड’ प्रकाशात चमकणारे रेणू प्लाकला चिकटवून उंदराच्या पातळ कवटीतून पाहता येतात. माणसाच्या जाड कवटीतून तो प्रकाश पुरेसा आरपार येत नाही. एमआरआयमध्ये दिसणारे, प्लाकला चिकटणारे रेणू (प्रोब) करण्याचीही धडपड चालू आहे. पेटला रेणूची अगदी नगण्य मात्रा पुरते, एमआरआयला तीच गोष्ट दिसायला कित्येक पटींनी जास्त लागते, आणि एवढं द्रव्य रक्त आणि मेंदूमधल्या त्या भिंतीपलीकडे पोचवणं हाच तर सगळा अडसर आहे. डोळ्याच्या पडद्यात अमायलॉइड शोधण्याचं काम अजून संशोधनात आहे. कुणी ती तपासणी पैसे घेऊन देऊ करत असेल तर घेऊ नका.

किरणांची भीती फार धरू नका. फ्लोरिनच्या अमायलॉइड ट्रेसरमधून साधारण ६ ते ७ मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरणं मिळतात. जमीन, हवा आणि आकाशातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे हा अडीच-तीन वर्षांचा वाटा एकदम. ७२ व्या वर्षी, उत्तराची गरज असताना, हा व्यवहार मला चालेल. दंडाच्या किंवा हाताच्या शिरेत एक इंजेक्शन, मग ट्रेसरप्रमाणे अर्धा ते दीड तास वाट पाहणं, आणि दहा ते वीस मिनिटं टेबलावर डोकं न हलवता पडून राहणं. एमआरआयसारखा खडखडाट नसतो. नंतर भरपूर पाणी प्यायचं, लघवीला वरचेवर जायचं. दुसऱ्या दिवशीपर्यंत शरीरात मोजण्यासारखं काही उरत नाही.

राहिली आई. ‘मला काही झालेलं नाही’ हे कधीकधी आजारच बोलतो. स्वतःचं विसरणं स्वतःला न दिसणं हे यात होतं. पण कधीकधी ती पोरांना दिलेली ताकीद असते, की माझ्याविषयी माझ्या पाठीमागे ठरवू नका. दोहोंतलं काय आहे ते तुम्हाला विचारूनच कळेल, आणि एमसीआयच्या टप्प्यावर ती विचारण्याजोगी, ठरवण्याजोगी आहे. तेव्हा भावाला फोन करून थोपवा आणि आईशी सकाळी बोला. संध्याकाळी माणूस थकलेला असतो. टीव्ही बंद, तुम्ही दोघीच. स्कॅनपासून सुरू करू नका. ‘तुला स्वतःला काही वेगळं जाणवतं का?’ असं विचारा आणि गप्प बसा. मग वेगवेगळे तीन प्रश्न आहेत: कारण शोधावं असं तिला वाटतं का, उत्तर तिला स्वतःला ऐकायचंय का, आणि आणखी कुणाला सांगायचं. शोधा पण मला सांगू नका, असंही ती म्हणू शकते. तो तिचा अधिकार. नाही म्हणाली तर साध्या तपासण्या, कान आणि औषधांची यादी एवढं तरी करू दे, अशी विनंती करा. त्याला बहुतेक जण तयार होतात. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, पैशांचे व्यवहार कुणी बघायचे, हेही याच काळात तिच्या तोंडून ठरू द्या. त्याला कुठल्याही स्कॅनची वाट बघायची गरज नाही.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, एमआरआयची सीडी न्या, आणि तिने केलेल्या हिशेबाच्या चुकांचे दोन-तीन कागद, तिला सांगून, बरोबर ठेवा. ‘आई विसरते’ यापेक्षा ते कागद जास्त सांगतात. डॉक्टरांनी स्कॅन सुचवला तर एवढंच विचारा: पॉझिटिव्ह आला तर तुम्ही काय वेगळं कराल, आणि निगेटिव्ह आला तर काय? दोन्हींचं उत्तर सारखंच आलं तर स्कॅन आत्ता नको, सहा महिन्यांनी स्मरणशक्तीची चाचणी पुन्हा करू म्हणा. एमसीआय असलेले सगळेच पुढे डिमेन्शियात जात नाहीत. काही जण तिथेच राहतात, काही सुधारतातही. पहिल्या चाचणीच्या गुणांच्या कागदाची प्रत आत्ताच मागून घ्या. दुसऱ्या वेळी शेजारी ठेवायला ती लागेल, आणि सहा महिन्यांनी ती फाइलमध्ये सापडेलच असं नाही.